अक्षरओळख झाली, पुढे काय?

मूल शाळेत घातले, त्याचे नाव हजेरीपटावर चढले, आणि वर्षाअखेरीस ते वरच्या इयत्तेत गेले, म्हणजे त्याला वाचता येऊ लागले, असा एक समज आपल्या शहरांतून आणि गावांतून दृढ होऊन बसला आहे. हा समज जितका सोयीचा तितकाच घातक आहे. शाळेत जाणे आणि वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. आणि वाचता येणे व वाचीत राहणे यांत तर त्याहूनही अधिक अंतर आहे. पहिल्या गोष्टीसाठी आपल्या देशाने शंभर वर्षे खटपट केली व तीत पुष्कळ यश मिळविले. दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टींकडे मात्र जितके लक्ष जावयास पाहिजे तितके अद्याप गेलेले नाही, आणि याचे परिणाम आज आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

मिळालेले यश लहान नाही, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीत या देशातील दर शंभर माणसांत साक्षर अशी जेमतेम पाच होती. १९५१ साली ती अठरा झाली आणि २०११ साली चौऱ्याहत्तर. महाराष्ट्रापुरते पाहिले तर २०११ साली हे प्रमाण शेकडा ८२ च्या वर गेले होते. पण या आकड्यांच्या आड दुसरे काही आकडे आहेत, आणि ते ऐकून कोणाही विचारी माणसाला स्वस्थ बसवणार नाही. ग्रामीण भारतातील मुलांची वाचनपरीक्षा घेणारी ‘असर’ नावाची पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्याप्रमाणे २०१८ साली पाचव्या इयत्तेतील मुलांपैकी शेकडा सुमारे ५० मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत होता. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली हेच प्रमाण शेकडा ४२.८ वर उतरले; २०२४ साली ते पुन्हा ४८.८ वर आले. म्हणजे साथीने झालेली हानी बव्हंशी भरून निघाली, हे खरे. पण जी स्थिती साथीपूर्वी होती तीच मुळात अशी होती की, पाच वर्षे शाळेत काढून निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येऊ नये! व्यापारात एखाद्याने शंभर रुपयांचा माल मागवावा, पैसे पुरे मोजावे, आणि दुकानात पन्नास रुपयांचाच माल उतरावा, तर तो व्यापारी किती दिवस गप्प बसेल?

याचे कारण शोधू गेले असता पुष्कळजण चटकन शिक्षकाकडे बोट दाखवितात. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. वाचन ही पोहण्यासारखी विद्या आहे. काठावर उभे राहून हातपाय कसे मारावे हे कितीही चांगले समजावून सांगितले, तरी विहिरीत उतरल्यावाचून पोहता येत नाही. अक्षर ओळखणे, अक्षरे जोडून शब्द लावणे, शब्दांवरून अर्थ धरणे, या तीन पायऱ्यांपैकी पहिली पायरी फळ्यासमोर चढता येते. पण दुसरी आणि तिसरी चढण्यास मुलाच्या हाती पुष्कळ आणि विविध मजकूर पडावा लागतो. अक्षर लावण्यातच ज्याची सर्व शक्ती खर्च होते त्याला अर्थाकडे लक्ष देण्यास शक्ती उरत नाही, आणि अर्थ लागत नाही म्हणून वाचनाची गोडी लागत नाही. हे चक्र तुटावयाचे तर सोपी, चित्रांची, मनोरंजक अशी दहा नव्हे, शेकडो लहान पुस्तके मुलाने हाताळली पाहिजेत. आणि आपण त्याच्या हाती काय देतो? वर्षाला भाषेचे एक पाठ्यपुस्तक! तेही दिवाळीपर्यंत मुलांना इतके पाठ झालेले असते की, पुष्कळ मुले पानाकडे न पाहता ते घडाघडा म्हणतात आणि पाहुण्यांस वाटते की, मूल वाचीत आहे.

ज्या घरात आजोबा वर्तमानपत्र वाचतात, आई रात्री गोष्ट वाचून दाखविते, कपाटात चार पुस्तके असतात, त्या घरच्या मुलाचे पाठ्यपुस्तकावाचून अडत नाही. प्रश्न त्या मुलाचा आहे, ज्याच्या घरात छापील कागद येतो तो फक्त वाण्याच्या पुडीच्या रूपाने. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जे मूल सहा महिने परगावी राहते, ज्याच्या घरात भिल्ली, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी बोलली जाते आणि शाळेतील मराठी ज्याला जवळजवळ परकी वाटते, त्याला पुस्तकाची गरज सर्वांत अधिक आणि त्याच्या वाट्याला पुस्तके सर्वांत कमी. शाळा सर्वांना सारखी उघडी केली म्हणून संधी सारखी झाली असे होत नाही. घरचा ग्रंथसंग्रह ही वारशाने मिळणारी मिळकतच आहे. आणि ज्यांना ती वारशाने मिळाली नाही, त्यांना ती समाजाने मिळवून दिली पाहिजे.

हा विचार नवा नाही, आणि तो परदेशातून उसना आणावा लागेल असेही नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. पण तेथेच ते थांबले नाहीत. शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचावयास काही नसले तर काही वर्षांत पुसून जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते अशा गावी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जाऊ लागल्या. एका गावची पेटी वाचून झाली म्हणजे ती पुढे जाई. आणि यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट पैशाची होती. गावाने ग्रंथालयासाठी जितकी रक्कम जमवावी तितकीच पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, अशी तेथे व्यवस्था होती. त्यामुळे ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे होई, आणि जे आपले त्याची काळजी माणूस अधिक घेतो.

दक्षिणेत १९३१ साली मन्नारगुडी येथे बैलगाडीत पुस्तके भरून ती खेडोपाडी नेण्याचा उपक्रम झाला. त्याच साली ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी आपले प्रसिद्ध पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा मथितार्थ एवढाच की, पुस्तके उपयोगासाठी आहेत, जपून ठेवण्यासाठी नाहीत. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आमच्या शाळांतील कुलूपबंद कपाटांवर हे नियम मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवण्याजोगे आहेत. आणि शिक्षकाने मनात आणले तर साधनांवाचूनही किती करता येते, हे पाहावयाचे असेल तर अंमळनेरकडे पाहावे. तेथे शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. छापखाना नाही, अनुदान नाही, वरिष्ठांचा हुकूम नाही. पण मुलांना रोज काही नवे वाचावयास मिळाले पाहिजे, ही तळमळ होती.

कोणी म्हणेल की, हे सर्व आता कायद्यानेच झाले आहे. मग ओरड कशासाठी? कायदे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. २००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत, असे ठरवून दिले आहे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि आज राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांतून पाळला जातो. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत नावाची योजना काढून तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता आले पाहिजे, असे ध्येय ठरविले. हे सर्व चांगलेच आहे. परंतु कायद्याने कपाट येते, कपाटाची किल्ली फिरत नाही. वर्षातला एक दिवस वाचनाचा म्हणून पाळला, पण बाकीच्या दिवसांचे काय?

किल्ली का फिरत नाही, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. शाळेतील प्रत्येक पुस्तकाची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत होते. टेबल, खुर्ची, घंटा आणि गोष्टीचे पुस्तक ही एकाच वहीत, एकाच न्यायाने! तपासणीच्या वेळी पुस्तक कमी भरले अथवा फाटलेले दिसले, तर जाब शिक्षकास द्यावा लागेल. ते कोणी वाचलेच नाही, याबद्दल मात्र त्याला कोणी काही विचारणार नाही. अशा स्थितीत कोणताही संसारी मनुष्य पुस्तके कपाटात ठेवून कुलूप लावील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. दोष नियमाचा आहे. व्यापारी लोकांस हे सांगावयास नको की, ज्या दुकानात माल हाताळला जातो तेथे काही माल डागाळतो, काही फुटतो, आणि शहाणा दुकानदार त्याची तूट आधीच हिशेबात धरतो. जो मालाला हातच लावू देत नाही त्याची तूट शून्य असते आणि विक्रीही शून्यच असते. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, मुलांच्या पुस्तकांची झीज ही शाळेची हानी न मानता शाळेच्या कामाची खूण मानावी. दरसाल ठरावीक प्रमाणात पुस्तके फाटून अथवा हरवून खर्ची पडतील, हे गृहीत धरून ती वहीतून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांस द्यावा. आणि तपासणी अधिकाऱ्यांनी ‘किती पुस्तके आहेत?’ असे न विचारता ‘किती पुस्तके मुलांच्या घरी गेली आहेत?’ असे विचारावे.

दुसरी गोष्ट, शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालय यांच्यामधील भिंतीची. एकाच गावात, कधी कधी एकाच रस्त्यावर, या दोन्ही संस्था असतात आणि एकीचे दुसरीस वर्षानुवर्षे दर्शन होत नाही. ग्रंथालयाचा कारभार एका खात्याकडे, शाळेचा दुसऱ्या खात्याकडे. ग्रंथालयात बालविभाग असला तरी तो उघडतो केव्हा, तर मुले शाळेत असतात तेव्हा; आणि सभासद होण्यास अनामत रक्कम भरावी लागते, जी मजुराच्या मुलास भरता येत नाही. महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यात तमिळनाडू, कर्नाटक अथवा केरळ यांच्याप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळ्या कराची तरतूद नाही. सारा भार सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर. तेव्हा ग्रंथपालाचे वेतन तुटपुंजे असते व नव्या पुस्तकांना पैसा थोडा उरतो, हे खरे. पण जी पुस्तके आहेत ती मुलांपर्यंत नेण्यास कराची वाट पाहावी लागत नाही.

यासाठी एक साधन आपल्याकडे तयारच आहे, आणि तेच आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांची विभागणी केंद्रांत केलेली आहे. जवळपासच्या शाळा मिळून एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, आणि त्या शाळांतील शिक्षकांची वेळोवेळी भरणारी शिक्षण परिषद. म्हणजे एका टापूतील शिक्षक एके ठिकाणी जमण्याची व्यवस्था आहेच. या परिषदेत परिपत्रके वाचली जातात, माहितीचे तक्ते भरले जातात. तेथेच पुस्तकांच्या पेट्यांची अदलाबदल का होऊ नये? हिशेब अगदी सोपा आहे. केंद्रात बारा शाळा आहेत असे समजू. प्रत्येक शाळेस तीस पुस्तकांची एक पेटी. दर परिषदेच्या दिवशी शिक्षकाने आपली पेटी पुढील शाळेच्या शिक्षकास द्यावी आणि मागील शाळेची आपण घ्यावी. बारा पेट्या फिरून पुऱ्या झाल्या म्हणजे प्रत्येक शाळेतील मुलांच्या हातून ३६० निरनिराळी पुस्तके जातील. पुस्तकाची किंमत सरासरी ६० रुपये धरली तर सगळ्या केंद्राचा खर्च २१,६०० रुपये. एका शाळेने एकटीने तीनशेसाठ पुस्तके घ्यावयाची म्हटले तर तिला एवढाच खर्च पडेल. येथे तेवढ्याच पैशांत बारा शाळांचे काम भागते. बडोद्यातील पेट्यांनी जे साधले तेच आज कितीतरी सुलभपणे साधता येईल, कारण आता रस्ते आहेत, वाहने आहेत, आणि पुस्तकेही आहेत. राष्ट्रीय पुस्तक न्यास, प्रथम बुक्स अशा संस्थांची स्वस्त व सुंदर मराठी पुस्तके मिळतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे.

पेटी फिरविणे हे मात्र निम्मेच काम झाले. परिषदेत प्रत्येक शिक्षकाने दोन मिनिटे उभे राहून सांगावे की, गेल्या पेटीतील कोणते पुस्तक मुलांनी पुनःपुन्हा मागितले आणि कोणते कोणी उघडलेच नाही. अशा बोलण्यातून शिक्षकांचा जो एक वाचक समाज तयार होईल, त्याची बरोबरी दहा प्रशिक्षण शिबिरे करू शकणार नाहीत. कारण ज्या शिक्षकाने स्वतः पुस्तक वाचले नाही तो मुलाला ते वाचावयास लावू शकत नाही. शाळेत रोज वीस मिनिटे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यावर प्रश्नोत्तरांची परीक्षा घेऊ नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यावे. ज्या घरी आईबापांस वाचता येत नाही तेथे मुलाने ते वाचून दाखवावे. त्या घरातील मोठी माणसे ऐकावयास बसली म्हणजे वाचन हे शाळेचे ओझे न राहता घराची शोभा होईल. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपला बालविभाग सायंकाळी आणि रविवारी उघडा ठेवावा, मुलांची अनामत माफ करावी, आणि ग्रंथपालाने शिक्षण परिषदेस उपस्थित राहावे. मुलांच्या घरच्या बोलीतील गोष्टी शिक्षकांनी उतरून घ्याव्या व हस्तलिखित स्वरूपात पेटीत घालाव्या. आपल्या आजीची गोष्ट पुस्तकात पाहिलेल्या मुलास पुस्तक परके वाटत नाही.

या कामाचे नमुने आपल्या प्रांतात आहेत. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेऊन दाखविली. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेने अनेक वर्षे मुलांच्या वाचन-लेखनावर काम केले आहे. पालघर भागात क्वेस्ट ही संस्था शिक्षकांबरोबर हेच काम करीत आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारी नेल्या. महाबळेश्वरजवळचे भिलार हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेव्हा हे होण्यासारखे आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. हे सर्वत्र का होत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, मुले आता मोबाइलमध्ये गुंतली आहेत, पुस्तकास कोण विचारतो? आमचे उत्तर असे की, पुस्तक समोर ठेवून पाहिल्यावाचून ही तक्रार करण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. मोबाइल मुलाच्या हाती चोवीस तास आहे आणि पुस्तक कुलपात आहे. अशा शर्यतीत कोण जिंकणार हे सांगावयास ज्योतिषी नको. शिवाय मोबाइलवरचा मजकूरही वाचूनच समजावा लागतो. ज्याला नीट वाचता येत नाही तो तेथेही चित्रांचा आणि आवाजांचा गुलामच राहणार, आणि कोणीही त्याला काहीही पटवून देणार. दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे, आम्ही कर भरतो. सरकारने आपले काम केलेच पाहिजे. त्याबाबतीत आम्ही त्यास यत्किंचित सूट देत नाही. पण सरकारचे काम होईपर्यंत आज दुसरीत असलेले मूल दुसरीतच थांबून राहणार नाही. ते तिसरीत जाईल, पाचवीत जाईल, आणि वाचता न येता शाळेतून बाहेर पडेल. त्याचे बालपण कोणतीही योजना पुन्हा आणून देणार नाही.

म्हणून आमचे अखेरचे सांगणे आमच्या शहरवासी आणि व्यापारी वाचकांस आहे. आपल्या दुकानात हिशेब लिहिणारा, गिऱ्हाइकाचे पत्र वाचणारा, औषधाच्या बाटलीवरील सूचना समजणारा माणूस आपणांस उद्या पाहिजे असेल, तर त्याची तयारी आज जवळच्या शाळेत चालली आहे किंवा बिघडते आहे. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवास जे स्वरूप आले त्याचा एक हेतू लोकशिक्षण हा होता. आज प्रत्येक मंडळाने आपल्या वर्गणीतील शंभर रुपयांमागे पाच रुपये मुलांच्या पुस्तकांसाठी काढले, बाजारपेठेतील व्यापारी संघाने एकेका केंद्राच्या बारा पेट्यांचा खर्च उचलला, आणि त्या बरोबरीने ग्रामपंचायत वा नगरपरिषदेने व सरकारने आपापला वाटा घातला, तर बडोद्याची ती तीन वाट्यांची व्यवस्था आपल्या तालुक्यात पुन्हा उभी राहील. देणगी देताना मात्र एक अट अवश्य घालावी: पेटीस कुलूप नसावे. वर्षाअखेरीस देणगीदाराने शाळेत जाऊन पेटी उघडून पाहावी. पुस्तके कोरी करकरीत दिसली तर आपला पैसा बुडाला असे समजावे. कोपरे दुमडलेले, पाने सुटलेली, शिवण उसवलेली दिसली, तर तो व्याजासह परत आला असे खुशाल वहीत जमा धरावे.